स्टीम, इच आणि प्रौढांचे गेम: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले गेम खेळणारे, त्यांचे पालक आणि स्वतः गेम बनवणारी पोरं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्टीम आणि इच (पूर्ण नाव इच डॉट आयओ) ही कॉम्प्युटर गेमची ऑनलाइन दुकानं. ‘प्रौढांचे गेम’ म्हणजे १८ वर्षांवरच्यांसाठीचे, लैंगिक मजकूर असलेले गेम. नुसती मारामारी आणि रक्त असलेले गेम यात धरलेले नाहीत.

१. नेमकं झालं काय?

एप्रिल २०२५ मध्ये स्टीमवर ‘नो मर्सी’ नावाच्या गेमवरून ओरड झाली. बायकांवर बळजबरी करणं हाच त्यात खेळाडूचा उद्देश होता. काही देशांत तो दिसेनासा झाला आणि मग बनवणाऱ्यांनीच तो मागे घेतला. प्रकरण तिथे संपलं असतं. पण कलेक्टिव्ह शाऊट या ऑस्ट्रेलियातल्या गटाने ११ जुलै २०२५ ला पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे कंपन्यांच्या प्रमुखांना खुलं पत्र लिहिलं: असे गेम विकणाऱ्या दुकानांचे पैसे हाताळणं थांबवा.

पाच दिवसांत, १६ जुलैच्या सुमारास, स्टीमच्या नियमावलीत नवं कलम आलं. पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क, बँका किंवा इंटरनेट पुरवठादार यांच्या नियमांत न बसणारा मजकूर, विशेषतः काही प्रकारचा फक्त प्रौढांसाठीचा मजकूर, चालणार नाही असं त्यात म्हटलं आहे. अनेक गेम लगेच गेले. २४ जुलैला इच डॉट आयओने तर प्रौढ मजकुराची सगळीच पानं शोधातून काढली. बनवणाऱ्यांना आधी कळवायलाही वेळ मिळाला नाही, हे इचने स्वतः मान्य केलं.

२. हा गट सगळ्याच अडल्ट गेमच्या विरोधात आहे का?

पत्रातली मागणी बलात्कार, रक्ताच्या नात्यातले संबंध आणि मुलांचं लैंगिक शोषण दाखवणाऱ्या गेमपुरती होती. स्टीमने आमच्या तक्रारींना उत्तरच दिलं नाही, म्हणून आम्ही पैशाच्या वाटेवर गेलो, असं गटाचं म्हणणं आहे. गट २००९ पासून काम करतो. जाहिराती, कपडे, गाणी यांतलं बाईचं लैंगिक वस्तूकरण हा त्याचा मुख्य विषय.

मागणी आणि परिणाम यांची गल्लत मात्र करू नका. मागितलं होतं मूठभर, इचवर गेलं टोपलीभर. घाईत छाननी करणं शक्य नसेल तर दुकानदार आधी सगळंच झाकतो आणि मग एकेक उघडतो. मोफत प्रौढ गेम इचने ३१ जुलैपासून पुन्हा शोधात आणायला सुरुवात केली. विकाऊ गेमचं घोंगडं पेमेंट कंपन्यांशी बोलणी होईपर्यंत भिजत राहिलं.

३. गेमच्या दुकानाला कार्ड कंपनी कशी काय वाकवते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

समजा देवगडातल्या कुणी कार्डाने ५०० रुपयांचा गेम घेतला. त्याची बँक पैसे सोडते. व्यवहार कार्ड नेटवर्कवरून, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डवरून, जातो. पलीकडे दुकानाच्या वतीने पैसे स्वीकारणारी बँक असते, तिला धंद्यात ॲक्वायरिंग बँक म्हणतात. त्या बँकेच्या आणि दुकानाच्या मध्ये बहुतेक वेळा स्ट्राइप किंवा पेपालसारखा प्रोसेसर असतो. दुकानाचा करार प्रोसेसरशी, प्रोसेसरचा बँकेशी, बँकेचा नेटवर्कशी. नेटवर्कने दंड ठोकला तर तो ॲक्वायरिंग बँकेला बसतो. बँक तो खाली ढकलते किंवा गिऱ्हाईकच सोडून देते. म्हणून साखळीतला प्रत्येक जण नियमापेक्षा दोन पावलं अलीकडेच थांबतो. गेम उघडून बघायला त्यांच्यातल्या कुणाला वेळ नसतो, आणि बघून फायदाही नसतो. हजारो दुकानांतल्या एका दुकानाच्या एका कप्प्यातली ती विक्री.

मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावरून बघितलं तर लगेच कळेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती बंदी सरकारची. आदेश निघतो, तारखा छापून येतात, दाद मागायला मत्स्यव्यवसाय खातं आहे, कोर्ट आहे. आता समजा बंदी नाही, पण बर्फाच्या कारखान्यानेच ठरवलं की अमुक मासा आणणाऱ्या होडीला बर्फ द्यायचा नाही. मासा विकणं कायदेशीरच आहे. कुणी ‘विकू नका’ म्हटलेलंही नाही. पण दुपारपर्यंत टोपली सडते. आणि कारखानदार म्हणतो, मी कुठे बंदी घातली?

आमचं मत विचाराल तर वादाची खरी गाठ इथे आहे. ‘नो मर्सी’ची बाजू आम्ही घेणार नाही. पण नाटकाची संहिता आपल्याकडे परिनिरीक्षण मंडळापुढे जाते तेव्हा निदान मंडळ कोणतं, आक्षेप कोणत्या वाक्यावर आणि अपील कुठे, हे कळतं. इथे बनवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

४. मास्टरकार्ड म्हणते आम्ही काहीच काढायला लावलं नाही. मग खोटं कोण बोलतंय?

शब्दशः बघितलं तर कुणीच नाही. मास्टरकार्डने १ ऑगस्ट २०२५ ला जाहीर केलं की आम्ही कुठलाही गेम तपासलेला नाही, गेमच्या साइटवर कसले निर्बंध मागितलेले नाहीत, कायदेशीर खरेदी आमच्या जाळ्यावर चालते. त्यावर स्टीमची मालक कंपनी व्हॉल्व्ह म्हणाली, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललंच नाही, आम्ही विनंती करूनही नाही. बोलले ते प्रोसेसर आणि त्यांच्या बँका. त्यांनी बोट दाखवलं मास्टरकार्डच्या नियम ५.१२.७ कडे. बेकायदा व्यवहार तर नकोतच, पण कंपनीच्या स्वतःच्या मते तिच्या नावाला बट्टा लावू शकेल असा व्यवहारही नको, असा हा नियम.

‘कायदेशीर’ आणि ‘बट्टा न लावणारं’ यांच्यामध्ये जी फट आहे, त्या फटीत हे गेम पडले.

५. आम्ही तर यूपीआयने पैसे भरतो. आम्हाला व्हिसा-मास्टरकार्डचा काय त्रास?

पैसे भरताना काहीच नाही. भारतातल्या स्टीमवर किमती रुपयांत आहेत आणि यूपीआय चालतं. पण गेम दुकानातूनच गेला तर तो कणकवलीतही गेला आणि कॅनडातही. एका देशाच्या गिऱ्हाइकांसाठी दुकान बाकीच्या जगाच्या कार्डांशी वैर घेत नाही.

पेपालचं उदाहरण बघा. काही चलनांचे स्टीमचे व्यवहार हाताळणाऱ्या बँकेने अंग काढून घेतलं, आणि स्टीमवर पेपाल युरो, अमेरिकी डॉलर, पौंड, येन, कॅनेडियन डॉलर आणि ऑस्ट्रेलियन डॉलर या सहा चलनांपुरतंच उरलं. वाद मजकुराचा, पण फटका बाकीच्या चलनांत साधा फुटबॉलचा गेम घेणाऱ्यालाही बसला.

६. हे आधी कधी झालं होतं का?

हो. डिसेंबर २०२० मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने पॉर्नहब या अश्लील व्हिडिओंच्या साइटचे व्यवहार थांबवले. मास्टरकार्डने प्रौढ मजकूर विकणाऱ्यांसाठीचे कडक नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओन्लीफॅन्स या पैसे घेऊन फोटो-व्हिडिओ दाखवणाऱ्या साइटने उघड लैंगिक मजकूर बंद करण्याची घोषणा केली, कारण म्हणून बँकांकडे बोट दाखवलं आणि आठवड्याभरात घोषणा मागे घेतली. जपानमधल्या डीएलसाइट या ऑनलाइन दुकानावर एप्रिल २०२४ मध्ये व्हिसा-मास्टरकार्ड बंद झालं. दुकानावर थेट दबाव आणण्याची जुनी पद्धतही आहेच: २०१४ साली ऑस्ट्रेलियात अर्जमोहिमेनंतर टार्गेट आणि केमार्ट या दुकानांनी ‘जीटीए ५’ हा गेम फळीवरून उतरवला होता.

७. जुलै २०२५ मध्येच केंद्र सरकारने २५ ॲप बंद केली. ते आणि हे एकच का?

नाही, फक्त महिना एक. उल्लू, एएलटीटी वगैरे २५ ॲप आणि साइटवरची बंदी माहिती व प्रसारण मंत्रालयाची होती. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ, भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि १९८६ चा स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा पुढे केला गेला. पटो न पटो, कलम सांगितलं गेलं. फरक काय पडतो, ते प्रश्न ३ मध्ये आहे.

८. ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यात अडल्ट गेम येतात का?

ऑगस्ट २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. रमी आणि फँटसी क्रिकेटवाले त्यात अडकले. गेम विकत घेऊन खेळणं म्हणजे पैसे लावणं नव्हे.

९. घरात एकट्याने असा गेम खेळला तर पोलीस केस होते का?

सज्ञान माणसाने खासगीत बघणं आणि पसरवणं या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. उघड लैंगिक कृती असेल तर कलम ६७अ लागतं: ५ वर्षांपर्यंत आणि १० लाखांपर्यंत. त्यामुळे गेमचा स्क्रीनशॉट मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं ही खेळण्यापेक्षा कितीतरी धोक्याची गोष्ट. पेनड्राइव्हवर कॉपी करून वाटणं, विकणंही तसंच.

एक ठिकाण असं आहे जिथे ‘एकट्याने’ आणि ‘खासगीत’ हे शब्द वाचवत नाहीत: मूल. कलम ६७ब खाली मुलांचं लैंगिक चित्रण शोधणं, बघणं, उतरवून घेणं हाही गुन्हा आहे. पॉक्सो कायद्याच्या व्याख्येत मूल वाटेल अशी बनवलेली प्रतिमाही येते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात असा मजकूर जवळ ठेवण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. ‘पात्राचं वय कथेत १८ लिहिलंय’ किंवा ‘हे तर कार्टून आहे’ यावर विसंबू नका. गेम काढून टाका, डाउनलोड फोल्डर आणि क्लाउडची प्रतही बघा.

१०. विकत घेतलेला गेम दुकानातून गेला. माझ्याकडूनही जाणार का?

स्टीमवर सहसा नाही. विक्री थांबते, पण तुमच्या लायब्ररीत गेम राहतो आणि पुन्हा उतरवता येतो. इचवर मात्र गोंधळ झाला. शोधातून काढलेली पानं थेट लिंकने उघडत होती, पण काही पानं पूर्णच हटली आणि घेतलेल्यांनाही फाइल मिळेनात. इचच्या बहुतेक फाइल कसलंही कुलूप नसलेल्या असतात, तेव्हा घेतल्या दिवशीच स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा. पावसात आठवडाभर नेट गेलं तरी ती प्रत कामाला येते.

पैसे परत हवे असतील तर स्टीमचा नियम नेहमीचाच: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असावं.

११. माझं कार्डच नाकारतात. ही बंदीच का?

दहातल्या नऊ वेळा नाही. असं तपासा.

आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते तुम्ही चालू करायचे. चालू केल्यावर मर्यादा शून्य तर नाही ना, तेही बघा. ही चूक सर्रास होते. सहकारी बँकेचं किंवा पतसंस्थेशी जोडलेलं रुपे डेबिट कार्ड असेल तर ते परदेशी दुकानात चालेलच असं नाही. त्यापेक्षा यूपीआय बरं.

यूपीआयने पैसे कापले गेले आणि रेंज गेली, गेम आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दुकानाला केलेला व्यवहार फसला तर पैसे ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्यवहार क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

१२. व्हीपीएन लावून काढलेला गेम मिळेल का?

सगळ्या जगातून काढलेला गेम देश बदलून मिळत नाही, एवढं लक्षात घेतलं तरी निम्मे प्रयत्न वाचतील. काही गेम देशापुरते बंद असतात, उदाहरणार्थ जर्मनीत स्टीमवरचे फक्त प्रौढांसाठीचे गेम. पण व्हीपीएनने देश लपवून खरेदी करणं स्टीमच्या कराराविरुद्ध आहे. दुकानाचा देश बदलायला त्या देशातलंच पेमेंटचं साधन लागतं, आणि तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. खातं गोठलं तर बाकीचे गेमही त्याच्यासोबत अडकतात. ‘फुकट, क्रॅक केलेला’ म्हणून मिळणाऱ्या फाइलबद्दल इतकंच: काढलेल्या गेमच्या नावाने शोध वाढतो, तेव्हा त्याच नावाने व्हायरसही वाढतात.

१३. मुलगा चिपळूणला हॉस्टेलवर, कॉम्प्युटर त्याच्याकडे. असले गेम त्याला दिसू नयेत म्हणून काय करायचं?

त्याचं खातं ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये मूल म्हणून जोडा आणि तुमचं प्रौढ म्हणून. एका कुटुंबात सहा जणांना जागा असते. मग तुमच्या फोनवरून ठरवता येतं: कोणते गेम दिसावेत, दुकान उघडावं की नाही, दिवसाला किती तास. गेम हवा असेल तर तो विनंती पाठवेल, पैसे तुम्ही भराल. कुणी कुटुंब सोडलं तर ती जागा वर्षभर अडकते, म्हणून गावातल्या सगळ्या पोरांना उत्साहाने जोडू नका. शिवाय ही सोय एका घरातल्यांसाठी आहे.

वेगळी गोष्ट: खात्याच्या दुकान-पसंतीत प्रौढ मजकुराच्या चौकटी असतात. हिंसा, थोडी नग्नता आणि ‘फक्त प्रौढांसाठीचा लैंगिक मजकूर’ यांच्या चौकटी वेगवेगळ्या आहेत. शेवटची मुळात बंद असते, पण ती मुलाच्या हातात असेल तर एका क्लिकने उघडते. म्हणूनच आधीची पायरी महत्त्वाची. स्टीमवर कुलूप घातलं तरी ब्राउझर मोकळाच राहतो, तो वेगळा बंद करावा लागतो.

१४. मी कुडाळात बसून गेम बनवतोय. कथेत प्रौढ दृश्यं आहेत. काय काळजी घेऊ?

स्टीमवर गेम टाकायला १०० डॉलर लागतात. विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात. मजकुराची प्रश्नावली भरताना काहीही लपवू नका. खोटं भरलेलं निघालं तर प्रश्न १ मधल्या नव्या कलमापर्यंत जायचीही गरज उरत नाही. जुलै २०२५ मध्ये काढलेल्या गेमच्या बनवणाऱ्यांना व्हॉल्व्हने पुढच्या गेमसाठी प्रवेश-शुल्काची जमा दिली, पण बुडालेली विक्री कुणी भरून दिली नाही.

प्रौढ दृश्यं कथेला आवश्यक नसतील तर ती वेगळ्या पॅचमध्ये, म्हणजे गेमला नंतर जोडायच्या फाइलमध्ये, ठेवण्याचा मार्ग बरेच जण घेतात. मूळ गेम मग साध्या कप्प्यात राहतो. खरेदीदारांना तुमच्यापर्यंत पोहोचता यावं म्हणून बातमीपत्राची ईमेल-यादी स्वतःकडे ठेवा, दुकानाच्या भरवशावर राहू नका.

‘स्वतःची साइट काढतो, तिथून विकतो’ असं ठरवत असाल तर आधी भारतीय पेमेंट गेटवेचा करार वाचा. प्रतिबंधित मालाच्या यादीत प्रौढ मजकूर हमखास असतो. शिवाय प्रश्न ९ मधलं कलम ६७अ विकणाऱ्याला लागतं, खेळणाऱ्यापेक्षा आधी. गुंतवणूक करण्यापूर्वी वकिलाशी एक तास बोलणं १०० डॉलरपेक्षा स्वस्त पडेल.

१५. माझ्या गेममध्ये अत्याचार आहे, पण गोष्ट सोसलेल्या बाईच्या बाजूने सांगितली आहे. तोही उडेल?

उडू शकतो, आणि या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. घाईची छाननी टॅग आणि शब्द बघते, कथा कुणाची बाजू घेते ते बघत नाही. इचच्या पहिल्या फेरीत सरसकट सगळाच प्रौढ टॅग गेला, त्यात अत्याचारातून सावरण्यावरचं आणि समलिंगी नात्यांवरचं कामही होतं.

उपाय अर्धेच आहेत. अत्याचार दाखवलेला नसून त्याचा फक्त उल्लेख असेल तर वर्णनात तसं स्पष्ट लिहा. दृश्य खेळाडूच्या हातून घडत असेल आणि त्याला गुण मिळत असतील, तर हेतू कितीही चांगला असो, ते टिकणार नाही. मुखपृष्ठावर आणि पहिल्या चार चित्रांत प्रौढ काहीच नको. काढलाच तर ‘का काढला’ विचारण्यापेक्षा ‘कोणतं दृश्य बदलल्यास परत येईल’ असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

१६. असे गेम काढण्याला विरोध करायचा असेल, किंवा पाठिंबा द्यायचा असेल, तर कुणाकडे?

पाठिंब्याची वाट सरळ आहे: एखादा गेम गुन्ह्याच्या हद्दीत जातो असं वाटत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांच्या विभागात तक्रार करा, नाव न देताही करता येते. १९३० हा क्रमांक पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, यासाठी नव्हे.

विरोधाची वाट वाकडी, कारण निर्णय घेणाऱ्याचा पत्ता नाही. अमेरिकेत खेळाडूंनी व्हिसा-मास्टरकार्डच्या ग्राहक सेवेवर फोनचा भडिमार केला. जीओजी या दुकानाने १ ऑगस्ट २०२५ पासून ४८ तास १३ वादग्रस्त गेम फुकट दिले. भारतातून कार्ड देणाऱ्या तुमच्या बँकेला लिहून फारसा उपयोग नाही, ती साखळीच्या चुकीच्या टोकाला आहे. लिहायचं तर कार्ड नेटवर्कला लिहा, आणि मोघम नको: गेमचं नाव, तारीख, आणि तो कुठल्या नियमाखाली गेला एवढं विचारा.

१७. गणपतीला मुंबईहून आलेला चुलतभाऊ आमच्या कॉम्प्युटरवर त्याचं स्टीम खातं उघडं ठेवून गेला. त्यात नको ते गेम आहेत. काय करू?

तुम्ही त्या कॉम्प्युटरवर स्टीम उघडा, वर खात्याच्या नावावर टिचकी मारा आणि साइन आउट करा. पुढच्या वेळी नावांच्या यादीत त्याचं नाव दिसलं तर तिथूनच काढून टाका. उतरवलेला गेम डिस्कवर उरलेला असतो, तो स्टीमच्या फोल्डरमधून वेगळा हटवावा लागतो. आणि दादाला फोन करून सांगा: मोबाइलमधल्या स्टीम ॲपवर अधिकृत उपकरणांची यादी असते, तिथून गावचा कॉम्प्युटर काढून टाक. ओरडू नका. पुढच्या शिमग्याला तोच येऊन तुमचा प्रिंटर दुरुस्त करणार आहे.